तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवा आणि परिविक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कोर्टाने सोडलं’ म्हणजे प्रकरण मिटलं, अशा समजुतीत पेढे वाटून मोकळे होणारे बरेच असतात. सोडताना आरोपीने ज्या बॉन्डवर (लेखी हमीपत्रावर) सही केलेली असते तो वाचलेला नसतो, हुकुमाची नक्कल काढलेली नसते, आणि आठ-दहा महिन्यांनी समन्स आलं की धावाधाव सुरू होते. म्हणून ही प्रश्नोत्तरं. माहिती सर्वसाधारण आहे. स्वतःच्या केसमध्ये हुकुमाचा कागद हातात घेऊनच वकिलाशी बोला.

तुरुंगात न पाठवता दोषी माणसाला समाजातच ठेवण्याचे आपल्या कायद्यात कोणते मार्ग आहेत?

अठरा वर्षांवरच्या माणसांसाठी मुख्यतः दोन. एक, सामुदायिक सेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांची यादी आहे, त्यात फाशी, जन्मठेप, कैद, मालमत्ता जप्ती आणि दंड यांच्या पाठोपाठ ही सहावी शिक्षा आली. जुन्या भारतीय दंड विधानात ती नव्हती.

दुसरा मार्ग जुना आहे: १९५८ चा अपराधी परिविक्षा अधिनियम, कोर्टाच्या बोलीत नुसतं ‘प्रोबेशन’. यात गुन्हा सिद्ध होतो, पण शिक्षा लगेच सुनावली जात नाही. चांगल्या वर्तणुकीच्या बॉन्डवर माणसाला घरी पाठवलं जातं. असाच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०१ मध्येही आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६०), पण जिथे १९५८ चा कायदा लागू आहे तिथे तोच वापरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे.

हे दोन मार्ग वेगळे आहेत आणि मोडल्यावरचे परिणामही वेगळे. लोक इथेच गोंधळतात.

सामुदायिक सेवा कोणत्या गुन्ह्यांत मिळू शकते?

न्याय संहितेत फक्त सहा ठिकाणी. सरकारी नोकराने बेकायदा व्यापारधंदा करणं (कलम २०२), फरारी म्हणून जाहीरनामा निघूनही हजर न होणं (२०९), सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी (३०३), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास होईल असं वागणं (३५५) आणि बदनामी (३५६).

मारामारी, शिवीगाळ, फसवणूक, चेक परत जाणं यात ही शिक्षा नाही. तिथे वकिलाने प्रोबेशन मागायचं असतं.

सहापैकी पाच ठिकाणी कायद्याची भाषा ‘कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा’ अशी आहे. म्हणजे ती द्यायची की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर, आणि दिली तर कैदेच्या जोडीला नव्हे, कैदेच्या जागी. चोरीची गोष्ट निराळी आहे.

पाच हजारांखालची चोरी पहिल्यांदा केली तर तुरुंग नाहीच का?

तीन अटी एकत्र जुळल्या तर नाही. मालाची किंमत पाच हजारांच्या आत हवी, आधी शिक्षा झालेली नसावी, आणि चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केलेली असावी. तसं असेल तर कायदा ‘सामुदायिक सेवेची शिक्षा होईल’ असं म्हणतो, ‘होऊ शकेल’ असं नाही. माल परत केला नाही तर मात्र नेहमीची शिक्षा, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यामुळे पैसे भरल्याची पावती किंवा मुद्देमाल परत दिल्याची नोंद हा बचावाचा सर्वांत मोलाचा कागद ठरतो.

पण ‘चोरी’ कुठली, हे पाहायला हवं. राहत्या घरातली किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी, प्रवासी वाहनातून वस्तू लंपास करणं, देवळातली मूर्ती किंवा सरकारी मालमत्ता चोरणं हे सगळं कलम ३०५ मध्ये जातं आणि तिथे सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे बाजारात रस्त्याकडेच्या हातगाडीवरून उचललेला चार हजारांचा मोबाईल आणि एसटीत किंवा लोकलमध्ये कुणाच्या पिशवीतून काढलेला तोच मोबाईल, या दोन गुन्ह्यांत बरंच अंतर पडू शकतं. मालकाच्या घरी किंवा दुकानात काम करणाऱ्याने केलेली चोरी कलम ३०६ मध्ये, गळ्यातली साखळी हिसकावणं कलम ३०४ मध्ये. दोन्हीकडे सामुदायिक सेवा नाही.

आणखी एक. ही लहान चोरी आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) होते आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. ज्याचा जुना फोन गेला त्याला हे पटत नाही, आणि त्याचा वैताग रास्तच आहे. फोनची किंमत बिलावरची धरायची की आजची, यावरून ठाण्यातच वाद सुरू होतो.

दारू पिऊन गाडी चालवली तर सामुदायिक सेवा मिळेल?

न्याय संहितेखाली नाही. कलम ३५५ हे दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालण्याबद्दल आहे आणि त्यात कमाल कैद २४ तास, दंड एक हजार रुपयांपर्यंत. गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये येतं: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने ‘सामुदायिक सेवा’ आली आहे, पण ती मुख्यतः काही गुन्हे तडजोडीने मिटवताना रकमेच्या जोडीला राज्य सरकार सांगू शकतं, अशा स्वरूपात.

पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला निबंध लिहायला सांगितला होता. ती हीच शिक्षा का?

नाही. मे २०२४ मध्ये बाल न्याय मंडळाने तीनशे शब्दांचा निबंध आणि वाहतूक पोलिसांबरोबर काम या गोष्टी जामिनाच्या अटी म्हणून घातल्या होत्या. तेव्हा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, त्यामुळे शिक्षेचा प्रश्नच नव्हता, आणि न्याय संहिता तर लागूही झाली नव्हती. तरी सामुदायिक सेवा म्हटलं की महाराष्ट्रात आधी तो निबंधच आठवतो, आणि या शिक्षेकडे ‘थट्टा’ म्हणून पाहिलं जातं. दोन जीव गेलेल्या प्रकरणात ते ऐकून लोक चिडले यात नवल नाही. पण ज्या गुन्ह्यांसाठी ही शिक्षा आहे त्यांची वरची यादी पाहिली तर दोन्ही गोष्टी एका तागडीत बसत नाहीत.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १८ मध्ये मंडळ सामुदायिक सेवेचा आदेश देऊ शकतं. २०१६ च्या केंद्रीय नमुना नियमांत चौदा वर्षांवरील मुलांसाठी उदाहरणं दिली आहेत: बागेची देखभाल, वृद्धांची सेवा, रुग्णालयात मदत, वाहतूक स्वयंसेवक.

किती तास, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करायचं?

इथेच आपला कायदा तोकडा पडतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये एवढंच म्हटलं आहे की समाजाला उपयोगी पडेल असं काम कोर्ट शिक्षा म्हणून करायला लावेल आणि त्याचा मोबदला मिळणार नाही. किमान तास नाहीत, कमाल तास नाहीत, कामाची यादी नाही, हजेरी कोण घेणार हेही नाही. इंग्लंड-वेल्समध्ये विनावेतन कामाचा आदेश ४० ते ३०० तासांच्या दरम्यानच असावा लागतो आणि तो साधारणपणे बारा महिन्यांत पुरा करायचा असतो. तिथे नातेवाईक असलेले लोक तोच हिशेब इथे लावतात. तसं करू नका.

आपल्याकडे जे काही आहे ते तुमच्या हुकुमात. निकाल सुनावला जात असतानाच वकिलामार्फत कोर्टाकडून पाच गोष्टी स्पष्ट करून घ्या: एकूण तास किंवा दिवस, ठिकाण, कामाचं स्वरूप, पूर्ण करण्याची शेवटची तारीख, आणि अहवाल कोण पाठवणार. ‘आरोपीने सरकारी रुग्णालयात सेवा करावी’ एवढंच लिहिलेला हुकूम हातात घेऊन रुग्णालयात गेलात तर तिथला कारकून तुम्हाला अधीक्षकांकडे पाठवेल, अधीक्षक ‘आम्हाला पत्र आलेलं नाही’ म्हणतील, आणि मुदत मात्र चालू राहील. हुकूम मोघम असेल तर त्याच आठवड्यात स्पष्टीकरणाचा अर्ज द्या.

माझी नोकरी आहे. फक्त रविवारी काम करता येईल?

कोर्टाने तसं लिहिलं तर येईल. शिक्षेच्या प्रमाणावर युक्तिवाद होतो तेव्हाच कामाच्या वेळा सांगणारं मालकाचं पत्र दाखल करा. आजारपण, अपंगत्व, तान्हं बाळ, परीक्षा यांचे कागदही तेव्हाच द्यायचे. नंतर सवलत मागता येत नाही असं नाही, पण आधी सांगितलेलं कोर्टाला कारण वाटतं आणि नंतर सांगितलेली सबब वाटते.

काम केल्याचा पुरावा काय ठेवायचा?

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर केस नंबर, कोर्टाचं नाव, हुकुमाची तारीख. पुढे रकाने पाडा: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय काम केलं, देखरेख करणाऱ्याची सही, नाव, हुद्दा. प्रत्येक दिवशी सही त्याच दिवशी घ्या. महिनाभराच्या सह्या एकाच पेनने एका दमात केलेल्या दिसल्या की सरकारी वकिलांच्या भुवया उंचावतात. शेवटी कार्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक असलेला पूर्णत्वाचा दाखला मागा. तो कोर्टात दाखल झाल्याची नोंद रोजनाम्यात (केसच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) आली का हे स्वतः पाहा. नुसता दाखला घरात ठेवून उपयोग नाही.

काम केलंच नाही, किंवा अर्धवट सोडलं तर?

न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये दंड न भरल्यास किंवा सामुदायिक सेवा न केल्यास भोगायच्या कैदेची तरतूद आहे. गुन्हा केवळ दंडाला किंवा सामुदायिक सेवेला पात्र असेल तर ही कैद साधी असते. दंडाची रक्कम पाच हजारांपर्यंत असल्यास कमाल दोन महिने, दहा हजारांपर्यंत असल्यास चार महिने आणि इतर बाबतीत एक वर्ष.

गुन्ह्याला मुळात कैदही असेल, उदाहरणार्थ बदनामी, तर सेवा चुकवल्याबद्दलची कैद त्या गुन्ह्याला सांगितलेल्या कोणत्याही प्रकारची असू शकते. दंड न भरल्यास कमाल कैदेच्या एक-चतुर्थांशाहून जास्त कैद देता येत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. पण ते वाक्य दंडाबद्दल आहे, सेवेचा उल्लेख त्यात नाही. तीच मर्यादा सेवेलाही लावावी, असा युक्तिवाद वकिलाने जरूर करावा. दारूच्या कलमात तर मूळ कमाल शिक्षाच चोवीस तास, तिथे चतुर्थांश म्हणजे सहा तास!

व्यवहारात अनेक हुकुमांतच ‘सेवा न केल्यास अमुक दिवस साधी कैद’ असं वाक्य घातलेलं असतं. ते शोधून त्याखाली रेघ ओढा.

आजारी पडलात, अपघात झाला, ज्या संस्थेत काम होतं ती बंद पडली, तर मुदत संपायच्या आत कोर्टात अर्ज द्या. कोर्ट स्वतःहून फोन करून चौकशी करत नाही.

प्रोबेशन कुणाला मिळतं?

१९५८ च्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत (इथून पुढची नुसती कलमं याच कायद्याची). पहिली, कलम ३: आधी शिक्षा झालेली नाही आणि गुन्हा चोरी-फसवणुकीसारख्या नेमून दिलेल्या कलमांतला किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा असेल, तर कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. दुसरी, कलम ४: फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात बॉन्डवर सुटका. आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा कायम राहण्याचा पत्ता किंवा नियमित कामधंदा मात्र हवा.

प्रोबेशन हा हक्क नाही. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारल्याच्या गुन्ह्यात ते देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग प्रकरणात २००० साली सांगितलं. ॲट्रॉसिटी कायद्याच्या गुन्ह्यांत अठरा वर्षांवरच्या आरोपीला प्रोबेशन नाही.

एकवीस वर्षांखालच्यांसाठी कलम ६ वेगळं आहे. तिथे उलटा नियम: तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाने कारणं लिहायची आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या नाही, खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं त्या दिवशीचं. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६२ मध्ये रामजी मिस्सर प्रकरणात स्पष्ट केलं. केस रेंगाळली आणि मुलगा बावीसचा झाला की या कलमाचं कवच गेलं. तारखा पडत राहण्याची किंमत कुणाला मोजावी लागते, ते यात दिसतं.

बॉन्डमध्ये काय लिहिलेलं असतं?

कोर्ट बोलावेल तेव्हा हजर होऊन शिक्षा घेईन, तोवर शांतता राखीन, वर्तणूक चांगली ठेवीन. ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. कोर्टाला वाटलं तर देखरेखीचा आदेशही होतो, तो किमान एक वर्षाचा. मग अटी वाढतात: राहण्याचं ठिकाण, दारूपासून लांब राहणं, गुन्हा पुन्हा घडू नये म्हणून कोर्टाला योग्य वाटेल ती इतर गोष्ट. फिर्यादीला नुकसानभरपाई देण्याचा आदेशही कलम ५ खाली होऊ शकतो.

महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. ते पोलीस नाहीत. देखरेखीबरोबरच काम शोधून द्यायला मदत करणं हेही कायद्याने त्यांचंच काम आहे. ते घरी आले म्हणून शेजारीपाजारी काय म्हणतील या भीतीने त्यांना टाळणारे लोक आपलं नुकसान करून घेतात, कारण पुढे अट मोडली तर कोर्ट त्यांचा अहवाल पाहतं.

प्रोबेशनची अट मोडली तर नेमकं काय होतं?

कलम ९. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावरून किंवा दुसऱ्या मार्गाने कोर्टाला अट मोडल्याचं वाटलं, तर ते तुमच्यावर वॉरंट काढू शकतं किंवा तुम्हाला आणि जामीनदारांना समन्स पाठवू शकतं. तुम्ही हजर झाल्यावर कोर्ट कोठडीत ठेवू शकतं किंवा जामीन देऊ शकतं. मग तुमचं म्हणणं ऐकलं जातं. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर दोन रस्ते:

मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणे. दोषी आधीच ठरलेले असता, त्यामुळे साक्षीपुरावा पुन्हा होत नाही. फक्त शिक्षा किती एवढंच उरतं. आधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस मात्र वजा होतात.

किंवा, पहिल्यांदाच चूक झाली असेल तर बॉन्ड चालू ठेवून पन्नास रुपयांपर्यंत दंड. होय, पन्नास. १९५८ चा आकडा, त्यात आज दोन वडापाव आणि एक कटिंग. पण रक्कम क्षुल्लक म्हणून विसरू नका: दिलेल्या वेळेत ती भरली नाही तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पावती घ्या.

बॉन्डच्या मुदतीत नवा गुन्हा दाखल झाला, तर तो सिद्ध होण्याची वाट न पाहता जुन्या कोर्टाला वकिलामार्फत बाजू कळवणं शहाणपणाचं. तक्रारदार बहुधा एफआयआरची प्रत घेऊन आधीच पोहोचलेला असतो.

जामीनदाराचं काय होतं?

बॉन्ड जप्त झाला तर बॉन्डवरची रक्कम भरण्याची नोटीस त्यालाही येते. भावकीतल्या माणसाने विश्वासाने सातबारा जोडलेला असतो, त्याला पुढे अंधारात ठेवू नका. देखरेखीचा आदेश असेल तर त्याची एक प्रत जामीनदारालाही मिळायला हवी, असं कलम ४ मध्येच आहे.

कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं आहे. अट बदलता येते?

येते. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर कलम ८ खाली कोर्ट बॉन्डच्या अटी बदलू शकतं, मुदत कमी किंवा जास्त करू शकतं. एकूण मुदत मूळ आदेशापासून तीन वर्षांपलीकडे जात नाही. वर्तणूक चांगली असेल आणि देखरेखीची गरज उरली नसेल तर बॉन्डमधून मोकळंही करता येतं. म्हणून आधी अधिकाऱ्याला भेटा, नव्या पत्त्याचा भाडेकरार आणि नेमणूकपत्र दाखवा. आधी सामान हलवून मग कळवणं म्हणजे अट मोडणंच.

सरकारी नोकरी, पोलीस भरती, पासपोर्ट यांवर परिणाम होतो का?

प्रोबेशनवर सुटलेल्याला शिक्षेमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही, असं कलम १२ म्हणतं. त्याचा अर्थ दोषसिद्धी पुसली गेली असा नाही. नोकरीत असलेल्या माणसावर खातं त्याच वर्तणुकीवरून कारवाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. भरतीच्या फॉर्मवर ‘कधी दोषी ठरलात का’ असं विचारलं तर खरं लिहा. किरकोळ गुन्ह्यापेक्षा तो दडवल्यामुळे नेमणूक जाण्याची शक्यता जास्त. सामुदायिक सेवा ही तर शिक्षाच आहे, तिथे कलम १२ लागू होत नाही.

पासपोर्ट कायद्यात नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल तर पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. सामुदायिक सेवा त्यात बसत नाही.

गुन्हा जून २०२४ मधला आहे. सामुदायिक सेवा मागता येईल?

तो खटला जुन्या दंड विधानाखालीच चालतो आणि त्यात ही शिक्षा नाही. मात्र शिक्षा सौम्य करणाऱ्या कायद्याचा फायदा मागच्या गुन्ह्यालाही देता येतो, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य (१९६५) या प्रोबेशनच्याच प्रकरणात घेतली होती. तिचा आधार घेता येईल. पण सोपा रस्ता प्रोबेशनचाच.

हुकूम मान्य नाही आणि वकिलाला पैसेही नाहीत. काय करू?

मॅजिस्ट्रेटच्या दोषसिद्धीवर सत्र न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येतं. प्रोबेशनच्या आदेशावरही अपील आहे, आणि खालच्या कोर्टाने नाकारलेलं प्रोबेशन वरचं कोर्ट देऊ शकतं. मोफत वकिलासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. जाताना निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, बॉन्डची प्रत, आधार कार्ड आणि हजेरीची वही बरोबर न्या. नक्कल अजून काढली नसेल तर आधी नक्कल विभागात अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वगळले जातात.